गयाबाईचे चार दिवस

दिवाळी अंकासाठी नोकरीतले काही हृद्य अनुभव लिहून द्या, असं मला फोनवर सांगण्यात आलं. अहो, कसले हृद्य! माझं सगळं काम हृदयाच्या चांगलं वीतभर खाली चालायचं. मी नर्स, त्यातही खेड्यावरची. बायकांच्या ओटीपोटात काय असतं, ते कधी सुरू होतं, मधल्या काळात काय उद्योग करतं आणि कधी थांबतं, एवढं बायकांनाच समजावून सांगण्यात माझी उभी हयात गेली. आणि खरं सांगू? निम्म्या वेळा पालथ्या घड्यावर पाणी. तेव्हा या लेखात चिडचिड बरीच आहे. ज्यांना गोड वाचायचंय त्यांनी पाककृतींचं पान काढावं.

मी मूळची केडगावची. नर्सिंगची शाळा संपवून पहिली नेमणूक मिळाली ती जामखेडच्याही पलीकडे, एसटीतून उतरल्यावर ओढ्याच्या कडेनं चालत जावं लागे अशा गावी. सत्तर सरून एकाहत्तर लागलं होतं. पाऊस तेव्हापासूनच तोंड फिरवून बसला होता. पुढे जो मोठा दुष्काळ पडला त्याची सुरुवात आम्ही तिथे आधीच भोगत होतो. गावात एका खोलीचं उपकेंद्र, दारावर लाल त्रिकोण, आत एक टेबल, एक खाट आणि मी. लाल त्रिकोणामुळे माझी पंचाईत व्हायची. वरून साहेबलोक केसेस आणा म्हणून मागे लागलेले, म्हणजे कुटुंबनियोजनाच्या. त्यामुळे मी एखादीला नुसतं "पाळी कधी आली होती?" असं विचारलं, तरी तिचा नवरा तिला माझ्यापासून लपवायला धावायचा. बाई ऑपरेशनला नेते, हीच माझी गावभर ख्याती.

बाहेरच्यांना कळावं म्हणून सांगते, मी शिकवायचे ते काही फार अवघड नव्हतं. गर्भाशय म्हणजे पिशवी. मुठीत मावेल एवढी. तिच्या दोन बाजूंना दोन बीजकोश, बदामाएवढे. मुलगी जन्माला येते तीच आयुष्यभराचं बियाणं बरोबर घेऊन. वयात आली की महिन्याला एक बी सुटतं, आणि पिशवी पाहुणा येणार म्हणून आतून सारवून ठेवते. पाहुणा आला तर नऊ महिने मुक्काम. नाही आला तर ते सारवण निघून पडतं, तीच पाळी. पंचेचाळीस-पन्नाशीच्या आसपास बियाणं संपतं, सारवण थांबतं, पिशवी सुकून लहान होते आणि गप्प बसते. झालं. विहिरीवर, मारुतीच्या पाराआड, जिथे बायका सापडतील तिथे मी हे सांगत सुटायचे. एकदा एका बाईनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, की पाहुणा आला नाही तर सारवण तसंच राहू द्यायचं, दर महिन्याला नव्यानं कशाला करायचं? याचं उत्तर मला नर्सिंगच्या शाळेत कुणी दिलं नव्हतं.

बरं, या बायका लेकींना तरी काही सांगत असतील? नाव नको. एका पोरीला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा आईनं तिला एवढंच सांगितलं, की तुला कावळा शिवलाय, कशाला शिवू नकोस. पोर बिचारी दुसऱ्या महिन्यापासून खिशात, म्हणजे परकराच्या ओच्यात, दगड भरून हिंडायला लागली. दिसला कावळा की मार दगड. आई माझ्याकडे तक्रार घेऊन आली की पोरगी येडी झाली. मी म्हटलं, पोरगी शहाणी आहे, येडी तुम्ही आहात. चार महिने ती बाई माझ्याशी बोलली नाही.

पण निदान सुरुवातीचा गाजावाजा तरी व्हायचा. पहिलं न्हाण आलं की हळदीकुंकू, ओटी, गोडाचा घास. जायच्या वेळेला मात्र चिडीचूप. पाळी बंद झाली हे बाई नवऱ्याला सांगत नसे, बहिणीला नसे, मला तर नसेच. आणि मला नेमकी तीच माहिती हवी असायची. कारण जातानाचा एक नियम आहे आणि तो मी त्या गावात इतक्यांदा सांगितला की माझ्या जिभेला घट्टे पडले. वर्षभर पाळी बंद राहिली आणि मग पुन्हा अंगावर जायला लागलं, तर ती पाळी नव्हे. गेलेली पाळी परत येत नाही. थेंबभर जरी दिसलं तरी तडक दवाखाना गाठायचा. यावर बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या आणि हसायच्या. त्यांच्या मते पाळी परत येणं म्हणजे अंगात अजून रग आहे याची खूण. आता बोला!

आणखी एक. त्या बाजूला सगळे आजार बहिणीला व्हायचे. समोरची बाई ठणठणीत. "माज्या बहिनीच्या कमरेत लई दुखतंय", "माज्या बहिनीला पांढरं जातंय." मी पहिले काही महिने खरोखर बहिणींची वाट पाहत बसले. मग कळलं की बहीण म्हणजे स्वतःच. तेव्हापासून मी बहिणीला लागू पडेल ते औषध समोरचीच्या हातावर ठेवायचे आणि दिवसातून दोनदा बहिणीला द्या म्हणायचे. दोघींचंही भागायचं.

अशात एक दिवस गयाबाई आली. जिरायती का होईना, चांगली जमीन असलेल्या शेतकऱ्याच्या घरातली थोरली सून. स्वतःची सून आलेली, नातवंडं झालेली, आणि वर सासू जिवंत. वय पंचेचाळीसच्या पुढे. काटक, बोलायला कमी. घर कडक. सासूकडे देवीची परडी होती, त्यामुळे घरात शिवाशिव फार. बाजूला बसलेल्या बाईनं घरात यायचं नाही, पाण्याला हात लावायचा नाही, चुलीजवळ नाही, खळ्यात नाही, धार काढायची नाही. गोठ्याला लागून एक पत्र्याचं सपर होतं, तिथे चार दिवस बसायचं. गयाबाई दर महिन्याला तिथे बसलेली मला येता-जाता दिसायची. मांडीवर गोधडी, हातात दाभणाएवढी सुई, सावकाश चाललेला टाका. दोरीवर तिच्या पाळीच्या कापडाच्या धुतलेल्या घड्या एका जुन्या लुगड्याआड वाळत घातलेल्या असायच्या. पंचांग चुकेल पण गयाबाईचं बसणं चुकणार नाही.

तर ती आली, इकडचं तिकडचं बोलली, मग उंबऱ्याकडे बघत म्हणाली, की तिच्या बहिणीची पाळी चार-पाच सालं बंद होती, आता परत सुरू झाली, हे चांगलं की वाईट? मी ताडकन उभी राहिले. म्हटलं, वाईट. बहिणीला उद्याच्या उद्या घेऊन या. गयाबाई म्हणाली बघते, आणि गेली.

आता मी एवढी बहिणींची तज्ज्ञ, तरी या वेळी माझा त्या बहिणीवर विश्वास बसला. का नाही बसणार? गयाबाईची स्वतःची पाळी महिन्याच्या महिन्याला चालू होती, सगळ्या गावासमोर चालू होती. बंद होऊन परत सुरू झालेली बाई दुसरीच कोणीतरी असणार, हा साधा हिशेब होता. पंधरवडा झाला, बहीण येईना. मी दोनदा निरोप पाठवला. गयाबाई म्हणे, तिला सवड नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, बाईच्या जिवाशी गाठ आहे आणि हिला सवड नाही! गयाबाईचं माहेर मला ठाऊक होतं, बहीण त्याच गावात दिलेली. रविवार बघून निघाले. दोन एसट्या बदलल्या, पुढे फुफाट्यातून चालत गेले, डोळ्यात माती, घशाला कोरड, आणि विचारत विचारत बहिणीच्या दारात पोहोचले.

बहीण दारातच होती. वय तिशीचं. कडेवर एक, पदराखाली पीत असलेलं एक. मी विचारलं, तुम्हाला आणखी बहीण आहे का? म्हणाली, नाही, मी आणि गयाअक्का दोघीच. मी तरी नेटानं विचारलं, की तुमची पाळी कधी बंद झाली होती? तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी पाणीसुद्धा मागितलं नाही. परतीच्या एसटीत खिडकीच्या गजाला डोकं टेकून बसले होते तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला. बहीण नेहमीचीच होती. फक्त सपरातलं बसणं खोटं होतं.

दुसऱ्या दिवशी गयाबाईला नाल्याच्या कामावर गाठलं. तेव्हा गावाजवळ दुष्काळी कामं निघाली होती, बायका पाट्या टाकायच्या. तिला एका बाभळीखाली घेतलं आणि म्हटलं, मी काल तुमच्या बहिणीला भेटून आले. तिनं डोक्यावरची चुंबळ काढली, हातात धरून बसली, आणि एकेक सांगायला लागली.

पाळी बंद होऊन चार-पाच वर्षं झाली होती. सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली त्या सुमारास थांबली. पहिल्या महिन्याला तिला वाटलं, येईल, म्हणून सवयीनं सपरात जाऊन बसली. आली नाही, पण चार दिवस कोणी हाक मारली नाही. पुढच्या महिन्यालाही बसली. मग बसतच राहिली. तारीख लक्षात ठेवून, चंद्राकडे बघून, एखाद्या वेळी मुद्दाम दोन दिवस मागेपुढे करून. कोऱ्या घड्या पाण्यातून काढायची आणि दोरीवर टाकायची.

"पर का, गयाबाई?" मी त्यांच्याच बोलीत ओरडले. राग आला की माझी भाषा सुटते.

"चार दिस पाठ टेकवाया मिळती, बाई," ती म्हणाली. "महिन्याचं बाकीचं दिस मी काय माजी असती का?"

त्या घरात पहाटे जात्यापासून जो रगाडा सुरू होई तो निजेपर्यंत. वर आता पाटी. कामाची सुट्टी म्हणून बाईला जर कुठली असेल तर ती एवढीच, आणि तीही विटाळाच्या नावानं. देवानं ती काढून घेतली तर गयाबाईनं परस्पर चालू ठेवली. मनातल्या मनात मला हसूही आलं. पण हसण्याची वेळ नव्हती, कारण पाच-सहा महिन्यांपासून खरोखर अंगावर जात होतं. आधी डाग, मग जास्त, कधी महिन्यातून दोनदा. आणि घरात कुणाला वेगळं काही दिसण्याचा प्रश्नच नव्हता. तिच्या घड्या दोरीवर आधीपासून होत्याच.

मी म्हटलं, हे पाळीचं नाही, आतल्या जखमेचं रक्त असू शकतं, वाईट गाठीचंही असू शकतं, नगरच्या मोठ्या दवाखान्यात दाखवलंच पाहिजे, वेळेवर कळलं तर बरं होतं. तिनं शांतपणे मान हलवली. म्हणाली, तिला ठाऊक आहे हे कशानं झालं. "खोटंखोटं बसले, म्हनून देवीनं खरं दिलं. आता दवाखान्यात जाऊन काय हुनार हाय?"

अरे देवा! मी कपाळाला हात लावला. म्हटलं, देवीला दुसरी कामं नाहीत का? एवढा पाऊस पाडायचा राहिलाय, ते सोडून ती तुमच्या घड्या मोजत बसलीय होय? पण ऐकेल ती गयाबाई कसली. तिला दोन भीती होत्या. एक देवीची. दुसरी अशी की नगरला जायचं तर कारण सांगावं लागणार. पाळी चालू असलेल्या बाईला पाळी आली म्हणून कोणी नगरला नेत नाही. म्हणजे आधी पाळी गेली होती हे सांगावं लागणार, म्हणजे इतकी वर्षं परडीच्या घरात सासूच्या डोळ्यात धूळ फेकली हे निघणार. आणि वर पुढच्या महिन्यापासून बसणं बंद. जीव जायची वेळ आली होती आणि बाई चार दिवसांचा विचार करत होती. मला तिचे खांदे धरून गदागदा हलवावंसं वाटलं.

मी माझ्या परीनं आधी सरळ रस्ता धरला. आमच्या आरोग्यकेंद्रातल्या डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, इथे वेळ घालवू नका, लगेच नगर. मग गयाबाईच्या मालकांना गाठलं. पारावर बसले होते. मी पाळीचा उल्लेख टाळून एवढंच म्हटलं, की बाईंची तब्येत मला बरी दिसत नाही, नगरला नेऊन तपासावं लागेल, कदाचित ऑपरेशनही लागेल. ऑपरेशन हा शब्द निघाला मात्र, पारावर खसखस पिकली. मालक म्हणाले, घरात नातवंडं खेळतायत, आता माझं कसलं कुटुंबनियोजन करता बाई, साहेबांनी लईच तंबी दिलेली दिसते. मी किती समजावलं! पण माझ्या दारावरचा लाल त्रिकोण माझ्याआधी बोलायचा. त्यानंतर जवळजवळ महिनाभर मी रोज काही ना काही निमित्तानं त्या घरावरून जायचे. गयाबाई पिवळी पडत चालली होती. पाटी उचलताना मध्येच खाली बसायची.

शेवटी माझा धीर सुटला. म्हटलं, गेलं उडत तिचं गुपित. बाई मेल्यावर झाकली मूठ कुणाच्या उपयोगाची? दुपारी गयाबाई कामावर असताना तिच्या सासूकडे गेले. म्हातारी ओसरीवर सुपात मिलो निवडत बसली होती. दुष्काळात रेशनवर मिळायची ती लाल ज्वारी. कपाळावर मळवट, डोळे बारीक पण लखलखीत. सगळं गाव तिला आत्याबाई म्हणायचं आणि वचकून असायचं. मी समोर बसले आणि सांगून टाकलं. गयाबाईची पाळी जाऊन किती दिवस झाले, ती सपरात का बसते, आता काय होतंय, सगळं.

म्हातारीचा हात सुपात चालूच होता. एक खडा वेचून बाजूला टाकला.

"मला ठावं हाय," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"तिची गेली ते. त्याच साली कळलं. कोऱ्या घड्या आन् धुतलेल्या घड्या मला कळत न्हाईत व्हय?" मग सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. "तू अजून पोर हाईस. मीबी बसले हुते. माजी गेल्यावर लई सालं. माज्या सासूलाबी ठावं हुतं."

एका घरात, एका छपराखाली, सून सासूला फसवत होती, सासू फसल्याचं दाखवत होती, आणि हे पिढ्यान् पिढ्या चाललं होतं! पुरुषांना पत्ता नाही, देवीचं काय ते देवी जाणे. मी विचारलं, मग तुम्ही तिला कधी बोलला का नाहीत? म्हातारी म्हणाली, बोलून काय करायचं? बोललं की बंद करावं लागतं. न बोलता चाललंय ते चालू द्यायचं. त्याला तिच्या मते माया म्हणत असावेत. मला त्या क्षणी त्या मायेचा इतका संताप आला की माझा आवाज चढला.

"आणि आता खरं जातंय, ते दिसलं नाही तुम्हाला?"

म्हातारीनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. निवडायला मात्र लागली नाही. "दिसलं," ती म्हणाली. "मला वाटलं, देवीनं धरली. माज्या वक्ताला सोडलं, हिला धरलं. म्हनून गप ऱ्हायले."

म्हणजे दोघींना सगळं माहीत होतं, दोघी एकाच गोष्टीला भीत होत्या, आणि दोघी एकमेकींपासून लपवत होत्या. मी तिच्यासमोरच्या ओसरीवर हात ठेवला. शेणानं सारवलेली, गुळगुळीत. माझा तो सारवणाचा पाठ मी गावभर दिला होता, या घरात कुणी देऊ दिला नव्हता. तो आता दिला. म्हटलं, आत्याबाई, सारवण रोज निघालं तर तुम्ही नवं घालता. पण सारवायचं सोडून पाच वर्षं झालेल्या बंद घरात जमीन ओली दिसली, तर काय समजाल?

म्हातारीनं थोडा विचार केला. "भित फुटली म्हनायची," ती म्हणाली. "न्हाईतर खालनं झिरपतंय."

मी म्हटलं, तेच. यात देवी नाही, भिंत बघायला गवंडी लागतो, तो नगरला असतो. म्हातारी उठली. आत जाऊन देव्हाऱ्यापुढे काय बोलली मला ऐकू आलं नाही. बाहेर आली ती पदर खोचूनच. माझा महिनाभर घसा कोरडा झाला होता. तिनं संध्याकाळी मुलाला, म्हणजे मालकांना, एवढंच सांगितलं, की उद्या गयीला नगरला न्यायची आहे, मी सांगते म्हणून. त्यानं का म्हणून विचारलंसुद्धा नाही. मी मनातल्या मनात हात टेकले.

तिघी गेलो. म्हातारी एसटीत सुनेशेजारी बसली, तिचा हात धरून वगैरे नाही, नुसती शेजारी. जामखेड सुटल्यावर गयाबाई हळूच म्हणाली, "आत्याबाई, माजं चुकलं." म्हातारी खिडकीबाहेर बघत म्हणाली, गप बस, वारं लागतंय. या विषयावर त्या दोघींचं माझ्यादेखत झालेलं बोलणं तेवढंच.

नगरच्या दवाखान्यात पिशवी आतून खरवडून तो तुकडा तपासायला दिला. अस्तरालाच वाईट गाठ धरली होती, पण बाहेर पसरली नव्हती. डॉक्टर म्हणाल्या, आणखी सहा महिने काढले असते तर माझ्या हातात काही राहिलं नसतं. पिशवी काढली, दोन्ही बीजकोशही काढले. गयाबाईला रक्त लागलं, ते मागाहून आलेल्या मालकांनी दिलं. रक्त देऊन बाहेर आल्यावर ते माझ्याजवळ उभे राहिले, टोपी काढली, पुन्हा घातली, आणि मला वाटतं त्यांना पारावरच्या हसण्याबद्दल काहीतरी म्हणायचं होतं. म्हणाले, चहा घेता का. मी घेतला.

गयाबाई वाचली. पुढे कितीतरी वर्षं जगली. इथे लेख संपवला असता तर संपादकांना हवा तसा हृद्य झाला असता.

पण घरी आल्यावर दोन-अडीच महिन्यांत ती उठून कामाला लागली, आणि मग मला रस्त्यात दिसली की मान वळवायला लागली. मला कळेना. जीव वाचवला आणि वर अबोला? एक दिवस तिच्या वाटेत आडवीच झाले. म्हटलं, काय झालं? ती म्हणाली, "जीव दिलात बाई, खोटं न्हाई बोलत. पर चार दिस नेलेत." आता सगळ्या गावाला ठाऊक होतं की गयाबाईची पिशवी काढली. आता बसणार कुठल्या तोंडानं? पोटावर एवढा मोठा टाका, आणि महिन्याचे तीसही दिवस रगाडा.

मी तणतणत म्हातारीकडे गेले. म्हटलं, आत्याबाई, तिला महिन्यातून चार दिवस नुसतं बसू द्या की. म्हातारीला खरंच समजेना. तिच्या चेहऱ्यावर दुष्टपणा नव्हता, अडचण होती. "बसू दील की मी. पर कशाच्या नावानं? धडधाकट बाई दारात बसलेली लोक इचारत्याल, काय सांगू?" इतकी वर्षं सुनेचं खोटं सांभाळणारी ही बाई, आणि खऱ्या विश्रांतीला तिच्याकडे नाव नव्हतं. मी डोकं आपटून घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

मग मी खोटं बोलले. आयुष्यभर बायकांना खरं सांगा, खरं सांगा म्हणून ओरडणारी मी, भर ओसरीवर मालक आणि मुलगा समोर असताना खणखणीत आवाजात म्हणाले, की नगरच्या डॉक्टरांचा हुकूम आहे, पिशवी काढलेल्या बाईनं दर महिन्याला चार दिवस पाणी, पाटी, चूल, कशाला हात लावायचा नाही, नाहीतर टाके आतून उसवतील. जन्मभर. म्हातारीनं माझ्याकडे त्या बारीक डोळ्यांनी पाहिलं. तिला कळलं, आणि तिला कळलंय हे मला कळलं. ती मालकांकडे वळून म्हणाली, डाक्टरांचा हुकूम मोडता येत नाही. गयाबाई पुन्हा सपरात दिसायला लागली. मांडीवर गोधडी. मला बघून हसायची.

हे सगळं आता लिहायचं कारण असं, की आमच्या त्या बाजूच्या आणि शेजारच्या मुलखातल्या ऊसतोडीला जाणाऱ्या पोरी तिशीतच पिशव्या काढून घेतात असं ऐकते. चार दिवस कामाचा खाडा पडायला नको म्हणून. धडधाकट पिशव्या! वाचते आणि वर्तमानपत्र भिंतीवर फेकते. त्या पिशवीचे गुण सांगण्यात माझा जन्म गेला. आणि दर वेळी मला गयाबाईची सून आठवते, कौसल्या.

माझी बदली झाली त्या आठवड्यातली गोष्ट. त्र्याहत्तरचा उन्हाळा. कौसल्या आटलेल्या ओढ्यावर भेटली, डोक्यावर रिकामी कळशी, कमरेवर रिकामी कळशी, मागे पोर. सासू सपरात बसलेली, म्हणजे दोघींचं काम हिच्यावर. ती तक्रार करत नव्हती. इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "बाई, तुमी चाललात. जाताजाता सासूबाईस्नी दिला तसा हुकूम मलाबी देऊन जा की."

मी म्हटलं, कौसल्या, तुझी पिशवी ठणठणीत आहे, देवाच्या दयेनं.

"म्हंजे ती काढल्याबिगर न्हाई का मिळायचा?"

माझा पारा चढला. तिच्यावर नाही, कुणावर ते मला आजही सांगता येत नाही. मी म्हटलं, तो खाली ठेव तुझा पसारा, जा, आत्ताच्या आत्ता सासूशेजारी जाऊन बस, कुणी विचारलं तर सांग नर्सबाईनं बसवलंय, पुढचं मी बघते. तिला पटलं होतं, मला दिसत होतं.

मग तिनं कमरेवरची कळशी सावरली. म्हणाली, घरात पाणी नाही, आणि ओढ्याच्या पलीकडच्या विहिरीकडे गेली.